मनाचा दाखला

गुन्ह्याची बातमी कानी आली की पहिला प्रश्न असतो 'कोणी?', आणि त्याचे उत्तर मिळाले की दुसरा, 'का?'. पहिल्या प्रश्नावर पोलिसांचा अधिकार असतो. दुसरा मात्र कोणाच्याच मालकीचा नाही. वकील, डॉक्टर, संपादक, कादंबरीकार, शेजारीपाजारी, सगळेच तो विचारतात आणि प्रत्येकाजवळ त्याचे उत्तरही बहुधा तयार असते. कायदा या 'का'ला फारसे महत्त्व देत नाही असे विधिज्ञ सांगतात. कृत्यामागचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो, त्याही मागचे कारण सापडले नाही तरी शिक्षा होऊ शकते. कायद्याच्या पुस्तकापुरते हे खरे आहे. न्यायालयाच्या आवारात मात्र त्या 'का'चाच बाजार भरलेला असतो. परंतु थोडे बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते की, हा प्रश्न सर्वांच्या बाबतीत सारख्याच उत्सुकतेने विचारला जात नाही. काही आरोपींना मन आहे हे समाज न सांगता गृहीत धरतो. काहींना ते आहे याचा दाखला आणावा लागतो. आणि काहींच्या बाबतीत हा प्रश्न कोणाला सुचतच नाही.

ज्याचे मन साऱ्या देशाने गृहीत धरले असा आरोपी म्हणजे नौदलातील कमांडर कावस नानावटी. २७ एप्रिल १९५९ या दिवशी मुंबईत जे घडले त्याचा तपशील न्यायालयाच्या निकालपत्रात घड्याळाच्या काट्यावर नोंदलेला आहे. समुद्रावरून परतलेल्या नानावटींना दुपारी पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या आपल्या संबंधाची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना मोटारीतून मेट्रो सिनेमाला सोडले. तेथून ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्यानेच मोटार हाकत अहमदनगरला जायचे आहे असे सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली आणि ती एका तपकिरी पाकिटात ठेवली. पुढे आहुजाच्या कचेरीत; तो तेथे नाही असे कळल्यावर त्याच्या घरी. शयनगृहात तीन गोळ्या झाल्या. आहुजा नुकताच स्नान करून आला होता आणि त्याच्या अंगावर टॉवेल होता. नानावटी बाहेर पडले आणि स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.

या एका दुपारीवर किती मानसशास्त्र रचले गेले! बचाव पक्षाच्या कथनात नानावटी प्रथम स्वतःचाच जीव घ्यायला निघाले होते; वाटेत त्यांना मुलांची आठवण झाली, आणि आहुजा पत्नीशी लग्न करून मुलांचा सांभाळ करील काय, हे विचारायला ते त्याच्या घरी गेले; पाकिटासाठी झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाने त्याच तपशिलाचा दुसरा अर्थ लावला. बायकामुलांना सिनेमाला पोचवणारा, शस्त्रासाठी पटणारी सबब सांगणारा, आधी कचेरीत आणि मग घरी शोध घेणारा माणूस भान हरपलेला नव्हता. आणि झटापट झाली असती तर आहुजाच्या अंगावरचा टॉवेल जागच्या जागी राहिला नसता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे जन्मठेप झाली. (या खटल्याने भारतातील ज्यूरीपद्धतीचा शेवट झाला असे सर्रास सांगितले जाते. ते अक्षरशः खरे नाही. काही ठिकाणी ज्यूरी त्यानंतरही काही वर्षे होती. पण आख्यायिकेला असा ठळक शेवट हवाच असतो.) 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू इतक्या आवेशाने मांडली की, आरोपीच्या मनात काय चालले होते हे पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना आरोपीपेक्षाही अधिक ठाऊक झाले. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली तेव्हा वाचकांच्या मनातली कादंबरी पुरी झाली.

सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी जन्मठेप कायम केली. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा मुद्दा फेटाळताना न्यायालयाने काळाचा हिशेब मांडला आहे. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडणे आणि चार वीसला खून होणे, या दोहोंमध्ये सुमारे तीन तास गेले. तेवढ्या अवधीत माणूस भानावर येऊ शकतो. कायद्याला याहून वेगळे म्हणता येणार नाही हे उघड आहे. तथापि साहित्याचा कोणताही वाचक या तीन तासांपाशी थबकतो. राग उतरणीला लागण्यासाठी तीन तास पुरतात, हे जितके खरे, तितकेच, सुचेनासे झालेल्या माणसाला सुचू लागण्यासाठीही तीन तास पुरतात, हेही खरे. अपमान ऐकण्याच्या क्षणी माणूस बधिर असतो. कळ मागाहून येते. कादंबरीकाराचे घड्याळ आणि न्यायाधीशाचे घड्याळ एकच वेळ दाखवत नाहीत, आणि दाखवू लागले तर दोघांपैकी एकाने आपला व्यवसाय सोडावा.

त्याच निकालपत्रात प्रक्षोभाची कसोटी सांगताना न्यायालयाने एक महत्त्वाची अट घातली आहे. आरोपी ज्या सामाजिक वर्गातला आहे त्याच वर्गातला विवेकी माणूस त्या परिस्थितीत आत्मसंयम गमावून बसेल काय, हे पाहावे, असे ते सूत्र आहे. त्यामागचा विचार उदार आहे. रीतिरिवाज, संस्कार, लज्जेच्या कल्पना वर्गावर्गांत भिन्न असतात. सर्वांना एकच गज लावू नये, एवढाच त्याचा आशय. शिवाय या कसोटीवर नानावटी उतरले नाहीत, म्हणजे न्यायालयाने वर्गाकडे पाहून झुकते माप दिले असेही म्हणता येत नाही. पण जे न्यायालयाने केले नाही ते शहराने केले. नौदलाचा शुभ्र गणवेश, इंग्रजी संभाषण, मोटार, सिनेमाची तिकिटे, यांच्या आत काय चालते हे मध्यमवर्गीय वाचकाला आपोआप दिसले, कारण तेथे तो स्वतःलाच पाहत होता.

दस्तयेवस्कीने हे फार आधी पाहून ठेवले होते. 'द ब्रदर्स कारमाझॉव्ह' (१८८०) या कादंबरीच्या अखेरीस पितृहत्येच्या आरोपावरून दिमित्रीवर खटला चालतो. सरकारी वकील पुराव्यातून दिमित्रीचे एक मन उभे करतो. बचावाचा वकील त्याच पुराव्यातून अगदी उलट मन उभे करून दाखवतो. दोघांचेही मानसशास्त्र देखणे आहे. वाचकाला मात्र खून कोणी केला हे ठाऊक असते. तो स्मेरद्याकोव्हने, घरातल्या स्वयंपाक्याने केलेला असतो. सरकारी वकिलाला तो दुबळ्या बुद्धीचा अपस्माराचा रोगी वाटतो. बचावाचा वकील तेवढा त्याच्याकडे संशयाने पाहतो, पण ज्यूरी त्याचे ऐकत नाही. मालकाच्या मुलाला सजा होते. ही कादंबरी शिकवताना ईश्वर, स्वातंत्र्य आणि पाप यांवर पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पण नोकराच्या मनाची दखल न घेतल्यामुळे एका निरपराध माणसाला शिक्षा झाली, ही साधी गोष्ट वर्गात क्वचितच उच्चारली जाते.

नानावटींच्या गोळ्या सुटल्या त्याच १९५९ साली अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दुष्काळात आपली माणसे उपाशी मरू लागलेली पाहून मांग समाजातला फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिनाही लुटतो, आणि त्याच्या पाठोपाठ साऱ्या जमातीवर हजेरीचा वरवंटा फिरतो. हजेरी म्हणजे शाळेतली नव्हे. ठरलेल्या वेळी चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचे, परवान्याविना वेशीबाहेर पाऊल टाकायचे नाही. फकिराने काय केले हे सरकारला ठाऊक होते; त्याने ते का केले हे शोधण्याची सरकारला गरज नव्हती, कारण त्याचे उत्तर कायद्याने आधीच दिलेले होते. तो मांग होता.

हे उत्तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दिले. प्रथम उत्तरेकडील प्रांतांपुरता असलेला हा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद त्या वेळच्या दृष्टीने मोठा शास्त्रशुद्ध होता. या देशात विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो. मग चोराचा मुलगा चोर होणार हे ओघानेच आले. पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, इटलीतील वैद्य लोंब्रोसो याने जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. कॅलाब्रियातील विलेल्ला नावाच्या एका चोराच्या कवटीच्या मागील बाजूस त्याला एक खळगा आढळला होता आणि त्या खळग्यात त्याला आदिमानव दिसला. लोंब्रोसोने कवट्या तरी मोजल्या. हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांना तेवढेही कष्ट पडले नाहीत. येथे जातीचे नाव पुरेसे होते. दोघांचेही काम एकच होते. गुन्ह्याला कारण मिळाले, आणि ते कारण शोधण्यासाठी गुन्हेगाराशी बोलावे लागले नाही.

सोलापूरच्या सेटलमेंटचे उदाहरण येथे मुद्दाम आठवावे. काटेरी तारांच्या कुंपणात ठेवलेल्या या 'जन्मजात चोरां'ना तेथल्या कापडगिरण्यांत कामाला पाठवले जाई. चोरी ज्यांच्या रक्तात आहे त्यांच्या हाती यंत्रे आणि सूत सोपवताना कोणाला विसंगती जाणवली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु पुन्हा १९५९ मध्येच मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीऐवजी व्यक्तीवर नजर ठेवणारा हा कायदा कागदावर वेगळा होता. ठाण्यातल्या हवालदाराच्या वहीत फारसा फरक पडला नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतही जातीवरून कामे वाटून देणारे आणि विमुक्तांना सराईत समजणारे नियम रेंगाळत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.

मन गृहीत धरलेला एक आरोपी आणि मन नाकारलेली एक जमात, यांच्या मध्ये तिसरी जागा आहे. तेथे मन असते, पण ते मोडलेले असावे लागते. १८४३ मध्ये लंडनमध्ये मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पील यांच्या खाजगी चिटणिसाचा खून केला. सत्ताधारी पक्ष आपला छळ करीत आहे अशा भ्रमाने तो पछाडलेला होता. वेडेपणाच्या कारणाने तो सुटला, त्यावर गहजब झाला, आणि मग न्यायाधीशांनी जे नियम सांगितले त्यांची छाया भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमावर पडली. कृत्य काय आहे हे, किंवा ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, मनोविकृतीमुळे ज्याला कळत नाही तो अपराधी नव्हे, असे हे कलम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक २२ झाला. गाभा तोच आहे.

या कलमाची खरी परीक्षा मुंबईत रामन राघवच्या खटल्यात झाली. १९६० नंतरच्या दशकात उपनगरांत फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे खून होत होते. ऑगस्ट १९६८ मध्ये रामन राघव पकडला गेला आणि त्याने अनेक खुनांची कबुली दिली. पोलीस शल्यचिकित्सकाने त्याला पाहून तो वेडा नाही असे मत दिले. स्मरण ठीक, बोलणे सुसंगत. बचावासाठी आलेल्या मनोविकारतज्ज्ञाने निदान केले दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाचे. आपण मारतो आहोत हे त्याला कळते, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही, असे त्याचे म्हणणे. सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये फाशी दिली. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्यांच्याशी झालेल्या भेटींत रामन राघवने जे सांगितले ते विलक्षण आहे. त्याच्या लेखी जगे दोन होती. एक हे, आणि दुसरे 'कानून'चे. भेट संपताना डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा त्याने तो हाती घेतला नाही, कारण तो स्वतः त्या 'कानून'चा प्रतिनिधी होता आणि या दुष्ट जगातल्या माणसांना त्याला शिवायचे नव्हते. कायदा ज्याला कळत नाही असे तज्ज्ञ म्हणत होते, तो स्वतःलाच कायदा समजत होता. मंडळाने त्याला वेडा ठरवले, फाशीची जन्मठेप झाली, आणि १९९५ मध्ये पुण्यात त्याचा मृत्यू झाला.

हा निर्णय माणुसकीचा होता यात शंका नाही, आणि त्या तीन डॉक्टरांनी तासन् तास बसून त्याचे ऐकून घेतले, हे या साऱ्या हकिकतीतले सर्वांत सभ्य दृश्य आहे. तरीही एक गोष्ट बोचते. फूटपाथवर राहणाऱ्या या माणसाच्या मनात कोणी डोकावले ते पुष्कळ माणसे मेल्यावर, आणि ते विकृत आहे का एवढेच पाहण्यासाठी. जे मारले गेले त्यांच्या मनाची तर चौकशी होण्याचे कारणच नव्हते. ते झोपलेले होते, एवढीच त्यांची नोंद. नानावटी प्रकरणात मृताच्या टॉवेललाही इतिहास मिळाला. येथे मृतांना चेहरेही मिळाले नाहीत.

हा दोष केवळ न्यायालयांच्या वा वृत्तपत्रांच्या माथी मारून साहित्यसमीक्षेला नामानिराळे राहता येणार नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. पुरस्कारांविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्यावर लिहिल्या गेलेल्या मजकुराविषयी. 'समाजदर्शन', 'दाहक वास्तव', 'समाजशास्त्रीय दस्तऐवज' हे शब्द त्या काळातील परीक्षणांत इतक्या वेळा आले आहेत की, ते छापखान्यात जुळवूनच ठेवले असावेत. शहरी मध्यमवर्गाच्या कथेतील नायक चहाच्या पेल्यात चमचा फिरवू लागला तरी त्याच्या अंतर्मनाचे पदर उलगडणारी मराठी समीक्षा, चोरी शिकवल्या जाणाऱ्या मुलाच्या मनापाशी आली की एकाएकी जनगणनेच्या भाषेत बोलू लागते. मनोविश्लेषण एकाला आणि दस्तऐवज दुसऱ्याला, ही वाटणी कोणत्याही कलमात लिहिलेली नाही, पण ती पाळली गेली. ज्येष्ठ समीक्षकांनी ती अधिक निष्ठेने पाळली.

वस्तुतः 'उचल्या' हे शीर्षकच मनाविषयी आहे. उचलणाऱ्यांची जमात म्हणून जगाने दिलेले नाव एका माणसाने स्वतःच्या पुस्तकाला दिले, ही साधी कृती नाही. या पुस्तकातील चोरीला कारणे आहेत आणि ती एकेरी नाहीत. भूक आहे, पण भुकेइतकीच कौशल्याची प्रतिष्ठा आहे. पोलिसांचा मार आहे. आणि मारणाऱ्याच पोलिसांना पोचणारा वाटाही आहे. शाळेची ओढ आहे आणि शाळेत गेल्याने आपल्याच माणसांत परके होण्याची भीती आहे. पुढे सूतगिरणीत काम करतानाही नावामागे येणारा संशय आहे. यातील कोणतीही एक गोष्ट निवडून 'हे गुन्ह्याचे कारण' असे सांगता येत नाही, आणि लेखकाने तसे सांगितलेलेही नाही. त्याने माफीही मागितलेली नाही आणि समर्थनही केलेले नाही. घरातली माणसे उचलेगिरीला बाहेर पडतात तेव्हा मागे राहिलेल्या मुलाला ती परत येतील की पकडली जातील याची जी धास्ती असते, ती कोणत्या मानसशास्त्राच्या पुस्तकात बसवावी? लोंब्रोसोला खळगा दिसला, ठाण्याला जात दिसली, दयाळू समाजशास्त्रज्ञाला दारिद्र्य दिसले. धास्ती तेवढी ज्याने भोगली त्यालाच दिसली.

दारिद्र्याचे स्पष्टीकरणही वाटते तितके निरुपद्रवी नाही, हे येथे नोंदवणे भाग आहे. गरीब म्हणून चोर, या विधानात 'म्हणून' हा शब्द फार स्वस्तात मिळतो. त्याच वस्त्यांत, त्याच भुकेत, कधीही दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणारी माणसे बहुसंख्य असतात. त्यांच्या मनाचा विचार तर कोणीच करत नाही, कारण स्पष्टीकरणाची गरज फक्त गुन्ह्याला भासते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या खेडिया शबर तरुणाला पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडले आणि काही दिवसांतच कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने गळफास लावून आत्महत्या केली असे पोलिसांनी सांगितले. ज्या जमातीला १८७१ पासूनच्या कायद्याने मनच नाकारले होते, तिच्यातल्या एका माणसाला ते अखेर असे मिळाले. खंत करणारे, निराश होणारे, स्वतःचा जीव घेणारे मन, पोलिसांच्या गरजेपुरते. शबरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या महाश्वेता देवी आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. कोलकात्याच्या उच्च न्यायालयाने आत्महत्येची ती कहाणी मान्य केली नाही.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला, म्हणजे विमुक्तीच्या वाढदिवशी, अहमदाबादच्या छारानगरातील मुलांनी 'बुधन' नावाचे नाटक केले. छारा ही जमातही कायद्याच्या त्याच यादीतली. त्यांना नाट्यगृह नव्हते, नेपथ्य नव्हते. बुधन कोण हेही काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांना ठाऊक नव्हते. या नाटकात बुधनला मारणाऱ्या पोलिसांच्या भूमिकाही छारा मुलेच करतात. त्या भूमिकांसाठी त्यांना निराळा अभ्यास करावा लागला नसावा. पोलीस दारात कसा उभा राहतो, आधी काय विचारतो आणि उत्तर येण्याच्या आत हात कसा उचलतो, हे त्यांनी घरी लहानपणापासून पाहिलेले होते.